अडथळा काही नाही

मर्व म्हणाला, "काल काही केलं नाही. आज काही करायचं नाही. अडथळा काही नाही." एवढं बोलून त्याने हातातला फोमचा रग्बी चेंडू तविता नावाच्या सहकाऱ्याकडे टाकला. तविताने तो झेलला, पाणीगळतीच्या तक्रारींचं वेबसाइटवरचं पान काल पुरं केलं म्हणाला, आज ते फोनवर नीट दिसतंय का ते बघणार म्हणाला, आणि चेंडू पुढे गेला. गोल करून उभी असलेली आठ-नऊ माणसं, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांचा बोर्ड, काचेपलीकडे वाऱ्याने वाकलेली झाडं आणि त्यांच्या मागे वेलिंग्टनचं करडं बंदर, सगळं कालच्यासारखंच होतं. गोलाबाहेर ग्वेन कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभी होती. ऐकण्यात आपलीच चूक झाली असेल असं तिला क्षणभर वाटलं. तिने चेहरे पाहिले. टीममधली मेरे आपली वाक्यं मनात जुळवत होती, तिच्या बाजूचा माणूस पायातला बूट सारखा करत होता. मर्व नेहमीसारखा हात पाठीमागे बांधून उभा होता, चर्चमध्ये उभं राहावं तसा. मग वेळ संपल्याचा बीप झाला. तोवर सगळ्यांचं बोलून झालेलं होतं, म्हणजे सभा अगदी हवी तशी झाली होती. माणसं आपापल्या टेबलांकडे गेली. मर्वही गेला.

ग्वेन प्रेस्कॉटचं काम हेच होतं. जुन्या वळणाच्या कचेऱ्यांमध्ये जायचं आणि त्यांना नव्या वळणावर आणून सोडायचं. धंद्याच्या भाषेत तिला ॲजाइल कोच म्हणत. तिची आई शेवटपर्यंत शेजारणींना 'आमची ग्वेन ऑफिसातल्या लोकांना व्यायाम शिकवते' असं सांगत असे, आणि ग्वेनने ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण खरं काय ते सांगायला अर्धा तास लागला असता. जुनं वळण म्हणजे आधी वर्षभर बसून सगळं ठरवायचं, भिंतभर तक्ता लावायचा, कुठलं काम कुठल्या महिन्यात सुरू होऊन कुठल्या महिन्यात संपणार त्याच्या पट्ट्या रंगवायच्या, आणि मग त्या पट्ट्यांमागे धापा टाकत जाऊन दोन वर्षांनी लोकांच्या हातात असं काहीतरी ठेवायचं, जे त्यांना दोन वर्षांपूर्वी हवं होतं. नवं वळण म्हणजे पंधरवड्यापुरतं ठरवायचं, पंधरवड्यात थोडं करून लोकांना दाखवायचं, चुकलं तर तिथल्या तिथे सुधारायचं आणि पुढचा पंधरवडा धरायचा. त्यात साहेब कमी लागतात. रोज सकाळी टीमने गोल उभं राहायचं. उभंच, कारण बुडाखाली खुर्ची आली की माणूस लांबण लावतो. म्हणून त्या कोपऱ्यातल्या सगळ्या खुर्च्या ग्वेनने पहिल्याच आठवड्यात हलवल्या होत्या. ज्याच्या हातात चेंडू त्याने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, वाटेत अडथळा काय. त्यावर तिथे चर्चा करायची नाही. जे काही बोलायचं ते नंतर, ज्याचं त्याच्याशी. सुरुवातीला हा नियम मोडणाऱ्यांना ती हात वर करून थांबवायची. आता हात वर करावा लागत नव्हता, याचा तिला अभिमान होता. कालपर्यंत तरी होता.

तीन खोऱ्यांच्या पाणी मंडळात ती उन्हाळा संपता संपता आली होती. मधे हिवाळा गेला, आता वसंतातले वारे सुटले होते आणि उद्या तिचा शेवटचा दिवस होता. आज दुपारी तीनला तिला फिलिपाला भेटायचं होतं. फिलिपा म्हणजे विभागाची मुख्य, जिला दारावरच्या माणसापासून मंत्र्यापर्यंत सगळे पिप म्हणत. ही माणसं आता आपल्या पायांवर उभी आहेत, माझी गरज नाही, एवढं ग्वेनने तिला सांगायचं होतं. आणि एक प्रश्न उरला होता, जो पिपने सोमवारीच टाकून ठेवला होता: मर्वचं काय करायचं? मर्व ॲशकोम हा इथला वीसेक वर्षांपासूनचा प्रकल्प व्यवस्थापक. टेकडीवरची मोठी टाकी त्याने बांधून घेतली होती, जुन्या पेठेतल्या नळांची कामं त्याने पार पाडली होती. आता प्रकल्प नव्हते, पंधरवडे होते, आणि पंधरवड्यांना व्यवस्थापक लागत नव्हता. ग्वेन सांगेल ते पिप करणार होती. जागा ठेवा म्हणाली तर मर्व राहील, नको म्हणाली तर नाताळाच्या आत घरी बसेल, आणि साठीला आलेल्या माणसाला या गावात दुसरी नोकरी कोण देतो. हे ग्वेनला ठाऊक होतं, पिपला ठाऊक होतं. मर्वला ठाऊक नसेल असं धरून चालणं दोघींच्या सोयीचं होतं.

ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली. नियमाप्रमाणे आता उठून मर्वकडे जायचं आणि विचारायचं, एवढंच होतं. तिने मेल उघडली. मग चहाच्या वेळी खाली जाऊन चीज घातलेला स्कोन नावाचा पाव आणला, तो अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळला. मर्व तिला तिथून दिसत होता. तो पडद्याकडे बघत होता आणि अधूनमधून माऊस हलवत होता, पडदा काळा होऊ नये एवढ्यापुरता. हे तो किती दिवस करत असेल? तिला त्याची वाक्यं आठवायला लागली. पहिल्या महिन्यांत तो भरभरून बोलायचा, काल कंत्राटदारांशी बोललो, आज त्यांच्याकडून तारखा घेणार, अडथळा म्हणजे हे सगळं एका चेंडूत कसं बसवायचं. लोक हसायचे. एकदा म्हणाला होता, "अर्धा नळ टाकून लोकांना विचारता येत नाही, आवडला का म्हणून," आणि ग्वेनही हसली होती. हिवाळ्यात त्याचा भिंतीवरचा तक्ता काढला. काढला म्हणजे त्यानेच काढला, टाचण्या एका वाटीत जमा केल्या, कागद गुंडाळला, रबर लावला आणि बोर्डकडे बघून विचारलं, "यात माझी चिठ्ठी कुठली?" ग्वेन तेव्हा म्हणाली होती की सगळ्याच तुझ्या. ते तिला तेव्हा फार छान सुचलं असं वाटलं होतं. त्यानंतर वाक्यं आखडत गेली. काल जुने कागद लावले. आज उरलेले लावणार. काल मेरेला मदत केली. मेरेने मान डोलावली होती का? आठवेना. ती रोज तिथे होती, रोज ऐकत होती, आणि तिने त्याचा अर्थ एवढाच लावला होता की मर्वही आता थोडक्यात बोलायला शिकला.

बोर्डच्या वर तिच्याच हातची एक पाटी होती, जाड पेनाने लिहिलेली: वाईट बातमी शिळी होऊ देऊ नका. ती प्रत्येक कचेरीत ही पाटी लावायची. इथून वळून पाहिलं की दिसायची, म्हणून ती वळली नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिने शेवटी धीर केला. मर्व मजल्यावरच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याच्या यंत्रात कप लावत होता, दांड्या सगळ्या एका दिशेला करून. हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं.

"सकाळी तू म्हणालास, त्याबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली.

"सकाळ होऊन बराच वेळ झाला, ग्वेन."

"हो. मी लगेच यायला हवं होतं."

"नंतर बोलायचं असा नियमच आहे. नंतर म्हणजे किती नंतर, ते तू सांगितलं नव्हतंस." त्याने कप लावता लावताच हे सांगितलं, आवाजात धार नव्हती. मग म्हणाला की हिवाळ्यापासून तो रोज दात घासताना काल काय केलं ते रचत असे. आज आरशासमोर उभं राहून रचायचा कंटाळा आला. म्हटलं, एकदा खरं सांगून बघू काय होतं. "मला वाटलं निदान कुणीतरी खोकेल."

ती म्हणाली, "राग आला असेल तुला."

"आला ना. पण तुझ्या पद्धतीला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. टाकीच्या कामावर माझा एक माणूस होता, त्याला अख्खा हिवाळा काही काम नव्हतं आणि मला पत्ता नव्हता. तक्त्यावरच्या पट्ट्या सगळ्या हिरव्या होत्या, काम वेळेवर चाललंय म्हणून." त्याने यंत्राचं दार लावलं आणि हात पुसले. "पिप आज तुला माझ्याबद्दल विचारणार आहे. असं तोंड करू नकोस. मी इथे इतकी वर्षं काढली, कुठली खोली कुणी कशासाठी अडवलीय ते मला कळतं. तू काय सांगणार ते मी विचारत नाही. खरं असेल ते सांग. फक्त मी खोलीत असताना सांग."

"सांगेन," ती म्हणाली. "तीनला तुला बोलावते."

"एवढंच मागतोय," मर्व म्हणाला आणि यंत्राचं बटण दाबलं.

मी खोलीत असताना. टेबलाशी परतताना हे शब्द तिच्याबरोबर आले आणि तिला एकदम टॉफीचे तुकडे घातलेल्या हॉकी-पॉकी आइस्क्रीमचा वास आला. ती आठ-नऊ वर्षांची असेल. दक्षिणेकडच्या त्या लहान गावात सगळेच बाप मांस-कारखान्यात कामाला होते. तिचे वडील कातडी सोलण्याच्या फलाटावर, सुरी चालवण्यात गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या वर्षी ऑकलंडहून एक माणूस येऊन गेला होता, चांगला कोट घातलेला, हसरा, सगळ्यांशी नावाने बोलणारा. तिच्या वडिलांनाही त्याने विचारलं होतं की काय सुधारता येईल, आणि वडिलांनी घरी येऊन जेवताना ते दोनदा सांगितलं होतं. मग शनिवारी ते तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. गाडीत बसून ती कोन चाटत होती, वडील पेपर चाळत होते आणि रेडिओवर एका बाईने सांगितलं की कारखाना बंद होणार. गावाचं नाव तिने चुकीचं उच्चारलं. वडिलांनी रेडिओ बंद केला. ते म्हणाले, "गळतंय बघ, खाऊन घे." त्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. पण म्हातारपणी, बुद्धी जरा इकडेतिकडे व्हायला लागली तेव्हा, ते दवाखान्यातल्या नर्सला सांगायचे की तो कोटवाला माणूस फार सज्जन होता, त्याने मला विचारलं होतं. ग्वेनला ते ऐकताना चीड यायची. कोणाची ते तिने कधी नीट ठरवलं नव्हतं. कोट ती घालत नसे. लोकरीचे स्वेटर घालायची, रंगीत बूट घालायची, सगळ्यांशी नावाने बोलायची.

अडीचच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली, तर लिफ्टपाशी पिप उभी, कोटाच्या एका बाहीत हात, दुसरी बाही लोंबत असलेली. तिने ग्वेनचा दंड धरून तिला आत ओढलं. "बरी सापडलीस. तीनचं जमत नाही, मंत्र्याच्या ऑफिसातून बोलावणं आलंय. इथेच सांगून टाक. टीम तयार आहे?"

"आहे."

"आणि मर्व? जागा ठेवायची की नाही?"

दार बंद झालं होतं. आरशात दोघी दिसत होत्या. ठरवायचं ते लगेच ठरवा, सभेची वाट बघू नका, हे पिपला ग्वेननेच शिकवलं होतं, आणि पिप फार चांगली विद्यार्थिनी होती. मर्वला बोलावू या, असं म्हणायला किती वेळ लागतो? पिप थांबली असती, नाहीतर उद्यावर टाकलं असतं. पण उत्तर ग्वेनच्या तोंडात तयार होतं, किती कचेऱ्यांमध्ये किती वेळा म्हटलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. "ती जागा आता लागत नाही," ती म्हणाली.

"बरं. वाईट वाटतं, पण बरं," पिप म्हणाली. खाली दार उघडलं, रस्त्यावरचा वारा आत आला आणि पिप केस धरून निघून गेली. ग्वेन लिफ्टमध्येच राहिली. कुणीतरी वरून बोलावलं असावं, लिफ्ट आपोआप वर निघाली.

वर आली तेव्हा मर्व कोट घालून बसला होता. सकाळपासून कोट खुर्चीच्या पाठीला टांगलेला होता, आता त्याने तो घातला होता, बटण लावलं होतं, आणि विरळ केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला दिसत होता. तो तिला बघून अर्धा उठला. खरं म्हणजे हीच ती वेळ होती. पाटी समोर होती. बातमी दहा मिनिटांची होती, अजून गरम. ग्वेन म्हणाली, "पिपला अचानक बाहेर जावं लागलं. तीनचं रद्द झालं."

"हरकत नाही," मर्व म्हणाला. "उद्या बघू मग." त्याने बटण काढलं, कोट उतरवला, झटकला आणि पुन्हा खुर्चीला लावला. त्याच्या चेहऱ्यावर एका दिवसाची रजा मिळाल्यासारखी सुटका होती, आणि ती बघून ग्वेनला स्वतःची शिसारी आली. ती खोटं बोलली नव्हती. रद्द झालं होतं हे खरंच होतं. तिने आयुष्यभर अशा खऱ्या वाक्यांवर वेळ मारून नेली होती.

संध्याकाळी बसमधून आयलंड बेला, घरी जाताना ती स्वतःशीच मर्वची बाजू नि आपली बाजू मांडत राहिली. जागा लागत नाही हे खरं की नाही? खरं. ती ठेवा म्हणाली असती तर त्याने आणखी दोन-चार वर्षं माऊस हलवत काढली असती, त्यात त्याचं काय भलं होतं? काही नाही. म्हणजे उत्तर बरोबर होतं. मग चुकलं काय? उत्तराला कोण रडतंय, त्याने उत्तर बदलून मागितलंच नव्हतं. त्याने फक्त एक खुर्ची मागितली होती, ते उत्तर ऐकण्यापुरती. घरी येऊन तिने टोस्ट भाजला, डब्यातले बीन्स गरम केले आणि उभ्यानेच खाल्ले. फ्रिजच्या दारावर अजून डिंकाच्या तीन उभ्या रेघा होत्या. नवरा कॉलिन या घरात होता तेव्हा तिने घरातही बोर्ड केला होता: करायचं आहे, चाललं आहे, झालं. गटार साफ करणं, गाडीचा विमा, मुलीचे दात. कॉलिनला सुरुवातीला मजा वाटली होती. मग त्याने एक चिठ्ठी लावली, 'जरा बोलू या', पहिल्या रकान्यात अगदी खाली. ती कित्येक पंधरवडे तिथेच होती. ग्वेन रोज ती बघत असे आणि दर वेळी वरची कामं आधी उचलत असे, कारण तातडीची कामं वर असतात. शेवटी कॉलिननेच ती काढून 'झालं'मध्ये लावली, आणि नंतरच्या आठवड्यात तो नेल्सनला आपल्या भावाकडे राहायला गेला. हे ती लोकांना गमतीने सांगायची. प्रशिक्षणात, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर लोक पेंगायला लागले की सांगायची, आणि लोक खूप हसायचे. बीन्स संपल्यावर तिने ताटली धुतली आणि ओल्या फडक्याने त्या रेघा घासून बघितल्या. निघाल्या नाहीत.

सकाळी बोर्डजवळच्या टेबलावर मेरेने घरून करून आणलेला पावलोव्हा नावाचा केक होता, वर साय, किवी आणि पॅशनफ्रूट. सभा झाली की तो कापायचा आणि ग्वेनला निरोप द्यायचा असं ठरलं होतं. म्हणून पिपही आली होती, गोलाच्या कडेला, हातात मोबाइल पालथा धरून. मर्व आला होता. कोट अंगात होता. मर्वला बाहेर न्यायचं आणि एकट्याला सांगायचं असं ग्वेन बसमध्ये ठरवून आली होती, पण तिला उशीर झाला होता, माणसं उभी राहिली होती आणि तविताने चेंडू उचलला होता.

"मला दे," ग्वेन म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कोच चेंडू घेत नाही. कोच गोलातच येत नाही. तविताला वाटलं असेल, निरोपाचं काहीतरी गोड बोलायचं असेल. तो हसला आणि त्याने चेंडू टाकला. मऊ होता, एका बाजूला कुणाच्या तरी कॉफीचा डाग होता. इतक्या महिन्यांत तिने तो हातात धरला नव्हता.

"काल," ती म्हणाली, "काल लिफ्टमध्ये मी पिपला सांगितलं की मर्वची जागा आता लागत नाही. मर्व मला म्हणाला होता की हे त्याच्यासमोर सांग. मी हो म्हटलं होतं. नंतर मी त्याला सांगितलं की भेट रद्द झाली." तिचा आवाज नीट होता, तिलाच आश्चर्य वाटलं. "आज माझा शेवटचा दिवस." तिसरं वाक्य आलं नाही. ती चेंडू दाबत उभी राहिली.

पिपने मोबाइल सुलटा केला आणि पुन्हा पालथा केला. मर्व हात पाठीमागे बांधून जमिनीकडे बघत होता. मग तविताने हात पुढे केला, अगदी हळुवारपणे, पडलेल्याला उठवायला करावा तसा. तिला सोडवायलाच केला होता त्याने. भला माणूस होता. तिने चेंडू त्याला दिला. तविताने घसा साफ केला, काल फोनवरचं पान तपासलं म्हणाला, दोन चुका सापडल्या त्या आज काढणार म्हणाला, अडथळा नाही म्हणाला. चेंडू मेरेकडे गेला. मेरेचा चेहरा लाल झाला होता, पण तिने तिन्ही गोष्टी सांगितल्या. चेंडू पुढे गेला, त्याच्या पुढे गेला. त्यावर तिथे चर्चा करायची नाही. ग्वेन एकेकाचं ऐकत उभी होती, आणि तिला दिसत होतं की तिने शिकवलेलं एकही माणूस विसरलेला नाही.

शेवटी चेंडू मर्वच्या हातात आला. त्याने तो काखेत धरला आणि तो गोल सोडून निघाला. मेरे 'मर्व' म्हणाली, पण तो थांबला नाही. टेबलांच्या रांगेतून तो आपल्या टेबलाशी गेला, खुर्ची धरली आणि ती ढकलत परत आला. खुर्चीचं एक चाक वाजत होतं. माणसं बाजूला झाली. गोलाच्या मधोमध त्याने खुर्ची ग्वेनच्या समोर लावली, कोटाचं बटण सोडलं आणि बसला.

"आता मी खोलीत आहे," तो म्हणाला. "सांग."

ग्वेनने सांगितलं. तुझी जागा आता लागत नाही, मर्व. हे मला हिवाळ्यापासून माहीत आहे. तक्ता उतरवलास त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हाच मी सांगायला हवं होतं, त्याऐवजी मी काहीतरी छान बोलले. काल सकाळी तू म्हणालास ते मी ऐकलं होतं, मी एकटीच नाही, सगळ्यांनी ऐकलं होतं, पण नियम माझा होता. मध्येच बीप झाला. मेरेने पुढे होऊन तो बंद केला.

मर्व ऐकत होता. चेंडू त्याच्या मांडीवर होता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "लागत नाही. तू आलीस त्याच आठवड्यात मला कळलं होतं." मग त्याने पिपकडे पाहिलं आणि पुन्हा ग्वेनकडे. "नोलीन रोज संध्याकाळी विचारते, आज काय केलं. बायको आहे, विचारणारच. मी सांगतो काहीतरी. नळाचं, टाकीचं. जुनीच कामं परत सांगतो, तिला कळत नाही. कदाचित कळतही असेल." त्याने मांडीवरचा चेंडू फिरवला. "तिला काय सांगायचं, एवढं आता कुणीतरी माझ्याबरोबर बसून ठरवा. मला एकट्याला जमत नाही."

चेंडू त्याने कुणाकडे टाकला नाही. पावलोव्हावरची साय एका बाजूने घसरायला लागली होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"थांब," ग्वेन म्हणाली, आणि खुर्ची आणायला गेली.